गॉगलवर वाफ का धरते आणि ती कशी टाळायची: ऑफ-रोड बाईकस्वारांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कच्च्या वाटेवर किंवा मोटोक्रॉस ट्रॅकवर नव्याने बाईक चालवणाऱ्यांना मी शिकवते. पहिल्या चार-पाच दिवसांत त्यांची सगळ्यात मोठी तक्रार गाडीबद्दल नसते, गॉगलबद्दल असते. "काच सारखी धुरकट होते, कोणता स्प्रे घेऊ?" असा प्रश्न येतो. स्प्रेबद्दल खाली लिहिलं आहेच, पण माझं मत आधीच सांगते: वाफ काचेवर दिसते, तिचं मूळ मात्र बहुतेक वेळा घामात, श्वासात आणि अडकून पडलेल्या हवेत असतं. ते सापडलं की निम्मं काम झालं.

काचेवर वाफ धरते म्हणजे नेमकं काय होतं?

गार पाण्याने भरलेल्या पेल्याला बाहेरून पाणी सुटतं, तोच प्रकार. हवा जितकी उबदार, तितकी जास्त वाफ तिच्यात मावते. ३० अंश सेल्सिअसच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त सुमारे ३० ग्रॅम पाण्याची वाफ मावते, २० अंशांना सुमारे १७ ग्रॅम आणि १० अंशांना जेमतेम ९ ग्रॅम. उबदार, दमट हवा गार पृष्ठभागाला टेकली की न मावणारं पाणी तिथेच थेंब होऊन बसतं. हे ज्या तापमानाला सुरू होतं, तो दवबिंदू.

आता गॉगलच्या आतली हवा बघा. चेहऱ्याची त्वचा ३३-३४ अंशांच्या आसपास असते आणि तिच्यावर घाम असतो. आतली हवा ३० अंश आणि आर्द्रता ८० टक्के धरली, तर दवबिंदू येतो साधारण २६ अंश. काचेची आतली बाजू २६ अंशांच्या खाली गेली की तिच्यावर वाफ धरणारच. बाहेर २० अंश असतील आणि काचेवर वारा आपटत असेल, तर पातळ एकेरी काच तेवढी गार व्हायला फार वेळ लागत नाही.

हे थेंब इतके बारीक असतात की ते प्रकाश सगळीकडे विखुरतात. म्हणूनच सावलीत जी वाफ जेमतेम जाणवते, ती ऊन समोरून आलं की पांढऱ्या पडद्यासारखी दिसते. झाडीतून एकदम उघड्यावर निघताना हा धोका लक्षात ठेवा.

थोडक्यात, तीन गोष्टी आपल्या हातात आहेत: आत ओलावा कमी जाऊ देणं, आतली हवा खेळती ठेवणं आणि काचेची आतली बाजू गार पडू न देणं. अँटी-फॉग लेप यातलं काहीच करत नाही. तो वेगळ्या मार्गाने काम करतो, तो पुढे येईलच.

माझ्या गॉगलमध्ये ओलावा कुठून येतोय, हे कसं ओळखायचं?

वाफ कुठून सुरू होते ते बघा. मी शिकवताना सगळ्यात आधी हेच विचारते आणि बहुतेकांनी ते कधी पाहिलेलंच नसतं. काच पूर्ण पांढरी झाल्यावर सगळं सारखंच दिसतं. खरी माहिती पहिल्या अर्ध्या मिनिटात मिळते.

खाली, नाकाच्या दोन्ही बाजूंना आधी पांढरं दिसलं, तर श्वास आत शिरतोय. फ्रेम नाकाच्या वळणावर नीट बसत नाही, किंवा तोंडावर बांधलेलं कापड श्वास वर ढकलतंय. एकाच बाजूने सुरू होत असेल, तर बहुधा हेल्मेट त्या बाजूची फ्रेम दाबतंय आणि दुसरीकडे फट पडतेय.

वरून, कपाळाला टेकणाऱ्या फोमखालून (फोम म्हणजे फ्रेमच्या कडेची स्पंजासारखी पट्टी) वाफेचा पट्टा खाली उतरत असेल, तर घाम आहे. गॉगल काढून वरचा फोम दोन बोटांत दाबून बघा. पाणी निघालं तर शंका उरत नाही.

संपूर्ण काच एकदम, सारखी मंद झाली, तर बाहेरची हवाच दमट आणि काच गार आहे. पाऊस, पहाट, दाट झाडी, ओढ्याकाठची वाट, इथे हे होतं.

एकाच जागी बोटाच्या ठशाएवढा डाग दर वेळी उमटतो आणि बाकी काच स्वच्छ राहते? तिथला लेप घासला गेलाय किंवा बोटाचं तेल लागलंय. आणि दुहेरी काचेत कितीही पुसलं तरी वाफ हाताला लागत नसेल, तर ती दोन काचांच्या मध्ये आहे.

ही तपासणी घरीही करता येते. हेल्मेट, गॉगल, तोंडावर बांधायचं कापड, सगळं घालून आरशासमोर उभे राहा, दहा-पंधरा उठाबशा काढा आणि जोरात श्वास सोडत बघत राहा.

चालत्या गाडीवर काच स्वच्छ असते, थांबलं की लगेच धुरकट. असं का?

गाडी चालू असताना फोममधून बाहेरची हवा आत येते आणि दमट हवेला हुसकावून लावते. वाऱ्याने काच गार होते खरी, पण हवा इतक्या वेगाने बदलत असते की थेंब धरायला वाफ उरत नाही. तुम्ही थांबता त्या क्षणी तीन गोष्टी एकत्र येतात. हवा थांबते, काच अजून वाऱ्याने गार असते आणि शरीर मात्र सगळ्यात जास्त तापलेलं असतं. छाती धपापतेय, चेहऱ्यावरून घाम वाहतोय, श्वास हेल्मेटच्या हनुवटीच्या भागात कोंडतोय. दहा-पंधरा सेकंद पुरतात.

म्हणून थांबणार असाल तर गॉगल थांबल्यावर नाही, थांबता थांबताच चेहऱ्यापासून सुटा करा. शर्यतीच्या स्टार्ट गेटवर उभं राहायचं असेल तर शेवटच्या अर्ध्या मिनिटापर्यंत तो घालूच नका. अनुभवी स्वार गेटवर गॉगल हातात धरून का बसलेले दिसतात, त्याचं कारण हेच.

थांबल्यावर गॉगल कपाळावर सरकवला तर चालेल ना?

नाही. ही सवय सगळ्यांना असते आणि सगळ्यात जास्त नुकसान तीच करते. कपाळ म्हणजे घामाचा झरा. गॉगल तिथे टेकला की फोम तो घाम पिऊन घेतो आणि काचेच्या आतल्या बाजूला थेट गरम वाफ मिळते. दोन मिनिटांनी तो पुन्हा डोळ्यांवर घ्याल, तेव्हा ओला स्पंज चेहऱ्याला बांधल्यासारखं होईल.

गॉगल पूर्ण काढा. पट्टा हेल्मेटवरच ठेवायचा असेल तर अख्खा गॉगल मागे फिरवा, म्हणजे तो हेल्मेटच्या पाठीवर राहील. किंवा हँडलला अडकवा, आतली बाजू वाऱ्याकडे करून. इंजिनाच्या किंवा सायलेन्सरच्या जवळ नको. जमिनीवर ठेवायची वेळ आली तर काच वर आणि फोम खाली असं ठेवू नका, फोमला माती चिकटते.

अवघड चढावर वेग नसतो आणि थांबताही येत नाही. तेव्हा काय करायचं?

एन्ड्युरो, म्हणजे रानातल्या लांब, अवघड वाटांवर, चालवणाऱ्यांचं खरं दुखणं हेच. मोटोक्रॉसमध्ये वेग असतो, त्यामुळे वारा मिळतो. खडकाळ नाल्यातून पहिल्या गिअरमध्ये, चालण्याच्या वेगाने, क्लचवर बोट ठेवून चढताना गॉगलला वारा शून्य आणि शरीराचं काम मात्र सगळ्यात जास्त.

माझ्यावर ही वेळ झाडीतल्या एका घळीत आली होती. काचेच्या डाव्या खालच्या कोपऱ्यात अंगठ्याएवढा पांढरा ठिपका दिसला. मला वाटलं, पुढच्या वळणावर उघडं आहे, वारा लागेल आणि जाईल. तो ठिपका वर चढत गेला, मी मान तिरकी करून उरलेल्या स्वच्छ पट्टीतून बघत राहिले. ओलं मूळ दिसलंच नाही. पुढचं चाक घसरलं, गाडी डाव्या अंगावर आणि क्लच लिव्हर वाकलेली. गॉगल काढून फोम दाबला तर हातमोज्यावर पाण्याची धार आली. स्प्रे मी सकाळीच मारला होता. काचेचा दोष काहीच नव्हता, चढाच्या आधी फोम कोरडा करायला हवा होता.

तेव्हापासून मी तीन गोष्टी पाळते. चढाच्या पायथ्याशी थांबून गॉगल काढते, श्वास जागेवर येऊ देते, कपाळ आणि फोम कापडाने टिपते. चढताना जरा सपाट जागा आली की डाव्या हाताच्या दोन बोटांनी फ्रेमची खालची कड चेहऱ्यापासून सेंटिमीटरभर ओढून दोन सेकंद धरते. कोंडलेली हवा निघून जाते आणि काच बऱ्याच वेळा तिथल्या तिथे उघडते. आणि श्वास सोडताना खालचा ओठ आत घेऊन हवा खाली सोडते. हे शेवटचं सवयीने जमतं, सुरुवातीला विसरायला होतं.

तरीही दिसेनासं झालं तर थांबा. अर्धवट चढावर थांबणं त्रासाचं असतं, हे मला ठाऊक आहे. न दिसता चढणं त्याहून वाईट.

मला फार घाम येतो. मग गॉगल कोणताही घेतला तरी हे होणारच का?

गरम हवेत कष्टाचं काम करताना माणसाला तासाला एक-दोन लिटर घाम येऊ शकतो. बाईक उचलणं, ढकलणं, फूटपेगवर (पाय ठेवायच्या दांड्यांवर) उभं राहून चालवणं हे कष्टाचंच काम आहे. तेव्हा घाम थांबवायचा नाही, त्याची वाट वळवायची.

हेल्मेटच्या आत कपाळावर पातळ स्वेटबँड किंवा घाम शोषणारी टोपी घाला. सुती जाड पट्टी नको, ती एकदा भिजली की भिजलेलीच राहते. दर तासा-दीड तासाने पिळता येईल किंवा बदलता येईल अशी असावी. हेल्मेटचे पुढचे व्हेंट, म्हणजे हवेची छिद्रं, उघडे आहेत ना, ते बघा. चिखलाने बुजलेले व्हेंट मी कितीतरी हेल्मेटवर पाहिले आहेत. आतलं अस्तर धुऊन कोरडं असावं, कारण मिठाने कडक झालेलं अस्तर घाम शोषत नाही, तो सरळ भुवयांवर सोडतं.

अंगावरचे कपडेही यात येतात. जाड जॅकेट घालून निघालात आणि तापलात तर डोक्यातून घाम निघणारच. निघताना थोडी थंडी वाजली तरी चालेल, दहा मिनिटांत अंग तापतं.

गॉगल घेताना आतला फोम तीन थरांचा आणि चेहऱ्याला लागणारा थर मऊ लोकरीसारखा असलेला बघा. तो घाम पसरवून धरतो. काही गॉगलमध्ये वरच्या फोमच्या आत घाम बाजूला नेणारी खाच असते. ती खरंच उपयोगाची आहे.

अँटी-फॉग लेप असलेली काच नेमकं काय करते?

ती वाफ येऊ देते, फक्त थेंब होऊ देत नाही. या लेपाला पाण्याची ओढ असते. काचेवर आलेलं पाणी गोल थेंबात न राहता पातळ थर होऊन पसरतं, आणि सपाट थरातून आरपार दिसतं. काही लेप थोडं पाणी शोषूनही घेतात. ओलावा त्याच्या क्षमतेपलीकडे गेला की पाण्याचे ओघळ दिसू लागतात. तेव्हा लेप वाया गेला असं समजू नका. वाळला की तो पुन्हा काम करतो.

पण तो ओला असताना फार मऊ असतो. आतली बाजू ओली असताना हातमोज्याने, टी-शर्टच्या टोकाने किंवा कागदाने घासलीत की लेप निघालाच. त्या जागी पुढच्या वेळी आधी वाफ धरेल. ओली काच हलक्या हाताने झटका, जमलं तर वाऱ्यावर धरा, अगदीच गरज असेल तर स्वच्छ मायक्रोफायबरने नुसतं टिपून घ्या. घासायचं नाही.

स्प्रे, जेल, वाइप यांचा उपयोग होतो का?

होतो, मर्यादित. तेही हेच काम करतात: काचेवर असा पदार्थ सोडतात ज्यामुळे पाणी पसरतं. लेप नसलेल्या किंवा लेप झिजलेल्या काचेवर फरक चांगला दिसतो. नव्या, लेप असलेल्या काचेवर मात्र आधी गॉगलसोबतची सूचना वाचा. काही लेपांवर स्प्रे मारायचा नसतो.

लावायचा तर घरी, स्वच्छ आणि पूर्ण कोरड्या काचेवर, धूळ नसलेल्या जागी. फवारा मारून पातळ थर पसरवा, वाळू द्या आणि मग मऊ कापडाने अगदी हलकेच चमक आणा. वाटेत, धुळीच्या हातांनी, ओल्या काचेवर मारलेला स्प्रे चिकट डाग सोडतो. एक दिवसाच्या घामाच्या राइडनंतर तो पुन्हा लावावा लागतो.

साबण, बेबी शाम्पू, थुंकी, टूथपेस्ट हे घरगुती उपाय खरे आहेत का?

पहिले दोन खरे आहेत. भांड्यांच्या द्रव साबणाचा किंवा बेबी शाम्पूचा एक थेंब पाण्यात मिसळून लेप नसलेल्या काचेवर पसरवला आणि वाळल्यावर हलकेच पुसला, तर तासभर तरी फरक पडतो. तोटा असा की घाम त्यातून वाहून डोळ्यात गेला तर चुरचुरतं. म्हणून थेंब म्हणजे थेंबच. शेव्हिंग फोमचंही हेच तत्त्व.

थुंकी पाणबुडे लोक आपल्या मास्कला लावतात, कारण तो लगेच पाण्यात विसळता येतो. धुळीच्या वाटेवर ती वाळून डाग होते.

टूथपेस्ट अजिबात नको. तिच्यात घासणारे कण असतात आणि आपली काच ही काच नाहीच, ते पॉलिकार्बोनेट नावाचं प्लॅस्टिक आहे. फुटायला चिवट, ओरखडे पडायला नाजूक. अमोनिया असलेला खिडकी पुसायचा क्लीनर, पेट्रोल, थिनर, ब्रेक क्लीनर यांच्यापासूनही ते दूर ठेवा. सॉल्व्हंटने पॉलिकार्बोनेटला केसासारख्या भेगा पडतात आणि मग दगड लागला तर ते हवं तसं टिकत नाही.

दुहेरी काच घ्यावी का?

थंड हवेत आणि संथ, अवघड वाटांवर चालवत असाल तर हो. दोन काचांच्या मध्ये हवेचा बंद थर असतो. हवेतून उष्णता फार हळू जाते, त्यामुळे बाहेरची काच गार झाली तरी आतली चेहऱ्याच्या उबेजवळ राहते आणि दवबिंदूच्या खाली जात नाही. वर सांगितलेल्या तीन गोष्टींपैकी तिसरी हीच करते.

ही कल्पना बर्फातून आली. अमेरिकेतले दातांचे डॉक्टर आणि स्कीइंगचे वेडे बॉब स्मिथ यांनी १९६०च्या दशकात दोन काचा आणि हवा खेळवणारा फोम असलेला स्की गॉगल तयार केला. आजच्या ऑफ-रोड गॉगलमधली दुहेरी काच त्याच रांगेतली.

तोटेही सांगते. ती जड असते, महाग असते, तिच्यावर टेअर-ऑफ (चिखल बसला की फाडून काढायची पातळ पारदर्शक फिल्म) लावायची सोय असेलच असं नाही. उंच घाटात चढताना आतल्या बंद हवेचा दाब आणि बाहेरचा दाब वेगळा पडतो, त्यामुळे काच किंचित फुगते. काही काचांना म्हणूनच बारीक छिद्र किंवा झडप असते. उन्हाळ्यात वेगवान ट्रॅकवर चालवणाऱ्याला मी एकेरी, चांगला लेप असलेली काचच सुचवेन.

दोन काचांच्या मध्येच पाणी दिसतंय. आता?

मधली गोंदाची कड कुठेतरी सुटली. कोरड्या, सावलीच्या जागी दोन-तीन दिवस ठेवून बघा, थोडा ओलावा असेल तर जातो. पण पुढच्या ओल्या दिवशी परत येतो. काच बदला. ड्रायरची गरम हवा मारू नका, त्याने गोंद आणखी सुटतो. आणि दुहेरी काच कधीही पाण्यात बुडवून ठेवू नका, बहुतेक वेळा हे त्यामुळेच झालेलं असतं.

फोम धुवायचा कसा, आणि किती वेळा?

प्रत्येक घामाच्या किंवा चिखलाच्या दिवसानंतर. फोम हे गॉगलचं नाक आहे. त्याच्या छिद्रांतूनच हवा जाते-येते. बारीक माती आणि वाळलेलं मीठ बसलं की नवा गॉगलसुद्धा कोंदट होतो.

काच काढा. फ्रेम कोमट पाण्याखाली धरून सौम्य साबणाने फोम हलके दाबत धुवा, पिळू नका, नाहीतर तो फ्रेमपासून सुटतो. साबण पूर्ण निघेपर्यंत पाणी वाहू द्या. टॉवेलमध्ये दाबून पाणी टिपा आणि वारा लागेल अशा सावलीत टांगा. एका रात्रीत पूर्ण वाळेलच असं नाही. म्हणून दोन दिवस सलग चालवणार असाल तर दुसरा गॉगल हवाच. काच वेगळी, वाहत्या पाण्याखाली धुवा: आधी माती वाहू द्या, मग बोटाने, आणि आतली बाजू शक्यतो न चोळता.

फोमचा तुकडा बोटाला चिकटून येऊ लागला किंवा दाबल्यावर परत फुगत नसेल, तर गॉगलचे दिवस भरले.

मी चष्मा लावतो. दोन्हींवर वाफ धरते.

तुमचा प्रश्न दुप्पट अवघड आहे, कारण चष्म्याच्या भिंगांवर वारा पोहोचतच नाही. चष्म्यावर घालायचे खास गॉगल येतात, त्यांची खोली जास्त असते आणि दांड्यांसाठी फोममध्ये खाच असते. साध्या गॉगलमध्ये दांडी फोम उचलते आणि त्या फटीतून घाम, धूळ दोन्ही येतात. भिंग गॉगलच्या काचेला टेकता कामा नये.

भिंगांना चष्म्यासाठीचा अँटी-फॉग लावा, कारण त्यांच्यावर आधीच वेगळे लेप असतात. डोळ्यांच्या डॉक्टरांनी परवानगी दिली असेल तर कॉन्टॅक्ट लेन्स हा यातला सगळ्यात सुटसुटीत मार्ग आहे, पण धुळीत गॉगल काढताना जपा. गॉगलच्या आत बसणारी नंबरची भिंगंही मिळतात. बॅटरीवर चालणारा छोटा पंखा असलेले गॉगलही आहेत. संथ वाटेवर चष्मेवाल्यांना त्यांचा खरा उपयोग होतो.

पावसात काय वेगळं करायचं?

बाहेरची हवाच भरलेली असते, तेव्हा हवा खेळवून मिळणारा फायदा कमी होतो. त्यातून वरच्या फोममधून पाणी आत झिरपतं. हेल्मेटचा पीक (कपाळावरचा पुढे आलेला छज्जा) थोडा खाली घ्या, म्हणजे थेंब थेट वरच्या फोमवर पडणार नाहीत. पीक आणि गॉगल यांच्यात बोटभर फट मात्र राहू द्या.

वरचा फोम चिकटपट्टीने बंद करण्याची युक्ती बरेच जण वापरतात. मुसळधार पावसात किंवा चिखलाच्या शर्यतीत मी ती मान्य करते, पण फक्त वरच्या बाजूला आणि फक्त त्या दिवसापुरती. चारी बाजूंना पट्टी लावलेला गॉगल पाच मिनिटांत आंधळा होतो.

दुसरा कोरडा गॉगल हवाबंद पिशवीत, सोबत एक सुकं कापड. पावसात याहून भरवशाचा उपाय मला सापडलेला नाही.

टेअर-ऑफ आणि रोल-ऑफमुळे वाफ वाढते का?

आतली वाफ त्यांच्यामुळे थेट वाढत नाही, पण थरांच्या मध्ये ओलावा शिरला तर अगदी वाफेसारखंच दिसतं आणि माणूस उगाच आतून पुसत बसतो. सुट्या फिल्म एकावर एक लावल्या तर हे जास्त होतं. कारखान्यातच एकमेकींवर घट्ट बसवून आलेल्या पॅकमध्ये कमी. काचेला वर छिद्रं असतील तर फिल्मने ती झाकली जात नाहीत ना, ते बघा.

रोल-ऑफमध्ये फिल्मची गुंडाळी काचेसमोरून सरकवली जाते; तिथे ओली फिल्म काचेला चिकटते आणि मध्ये पाणी पसरतं. त्यासाठी बारीक उठाव असलेली काच आणि वर पाणी अडवणारी पट्टी मिळते, दोन्ही लावा. फाडलेल्या फिल्म वाटेवर टाकू नका. अनेक ठिकाणी टेअर-ऑफना बंदी आली ती या कचऱ्यामुळेच, आणि ती बरोबर आहे.

धूळ फार असते म्हणून नाकावरून बफ (गळ्यात घालायची कापडी नळी) घेतो. तो काढू का?

काढू नका, पण तो गॉगलच्या फ्रेमखाली खोचू नका. कापडाची वरची कड फोमच्या आत गेली की श्वासाला थेट वाट मिळते. नाकाच्या हाडावर वाकवता येणारी पट्टी असलेला मास्क घ्या. गॉगलला नोज गार्ड (नाक झाकणारी ढाल) असेल तर तो लावून बघा. काहींचा श्वास त्याने खाली वळतो, काहींच्या हेल्मेटमध्ये तो उलट कोंडतो. वर सांगितलेली आरशाची तपासणी दोन्ही प्रकारे करा.

थंडीत घरातून निघतानाच काच धुरकट होते.

रात्रभर गार जागी राहिलेला गॉगल उबदार, दमट चेहऱ्यावर आला की हे होणारच. तो रात्री कोरड्या खोलीत ठेवा. निघताना धावपळ करून तापलेल्या चेहऱ्यावर तो चढवू नका: आधी गाडी काढा, किकच्या झटापटी संपवा, श्वास शांत होऊ द्या, मग गॉगल. शून्याखाली काचेच्या आत बर्फ धरला तर खरवडू नका, लेप जातो. वितळू द्या आणि टिपा.

माझं हेल्मेट व्हायझरवालं आहे. यातलं काय लागू होतं?

ओलाव्याचं तत्त्व तेच. व्हायझरसाठी पिनलॉकसारखी आतून बसणारी दुसरी काच येते, तिच्या कडेला सिलिकॉनची रेघ असते आणि मध्ये हवेचा थर राहतो. लांब, मिश्र रस्त्यांवर ती उत्तम. अवघड वाटेवर मात्र कोंडलेला व्हायझर उघडावा लागतो आणि डोळे उघडे पडतात. तिथे गॉगलच बरा.

वर्कशॉपमधले सेफ्टी गॉगल वापरले तर?

त्या गॉगलवर युरोपच्या ईएन १६६ या मानकानुसार कधी कधी एन हे अक्षर असतं. त्याचा अर्थ वाफेच्या चाचणीत काच ठरावीक वेळ, किमान ८ सेकंद, स्वच्छ राहिली. के हे अक्षर बारीक कणांच्या ओरखड्यांबद्दल असतं. पण त्यांचा आकार हेल्मेटच्या तोंडात बसत नाही आणि पट्टा घसरतो. मोटरसायकलच्या गॉगलसाठी ईएन १९३८ हे मानक आहे, ते बघून घ्या.

काहीच जमलं नाही तर गॉगल काढून चालवू का?

पुढे कोणी असेल तर मुळीच नाही. मागच्या चाकाने उडवलेला खडा डोळ्याचं किती नुकसान करतो, हे कोणाला शिकून बघायला लागू नये. एकटे असाल तरी फांद्या असतातच. थांबा, गॉगल काढा, टिपा, पाच मिनिटं श्वास घ्या. फार तर सपाट, मोकळ्या जागी चालण्याच्या वेगाने पुढे जा आणि जिथे वारा आहे तिथे थांबून गॉगल वाळवा.

लहान मुलं शिकतायत. त्यांच्या गॉगलबद्दल काही वेगळं?

मोठ्यांचा गॉगल त्यांना देऊ नका. त्यांच्या नाकाच्या वळणावर तो उचलून राहतो, श्वास सरळ आत जातो आणि पट्टा घट्ट केला की फोम दबून हवा बंद होते. मुलांच्या मापाचा घ्या, हेल्मेट घालूनच बसवून बघा.

आणि मुलं दिसत नाही असं स्वतःहून सांगत नाहीत. त्यांना वाटतं की ते असंच असतं. माझ्याकडची एक मुलगी सकाळभर वळणावर उशिरा ब्रेक मारत होती. मी तिला ब्रेकच शिकवत राहिले. पाणी प्यायला थांबलो तेव्हा तिच्या काचेकडे लक्ष गेलं, अर्धी काच पांढरी होती. आता प्रत्येक फेरीनंतर मी मुलांच्या समोर बोटं धरून "किती?" असं विचारते, आणि उत्तर चुकलं की गाडी बंद करून आधी गॉगल पुसतो.